गावाच्या जमाखर्चातील हिस्सा

जुन्या मराठी गावगाड्यात सुगीच्या दिवसांत खळ्यावर दोन प्रकारची माणसे येत. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट हे बलुतेदार येत ते वर्षभर केलेल्या कामाबद्दल आपले ठरलेले माप मोजून घेण्यासाठी. आणि आंधळे, पांगळे, गोसावी, फिरस्ते येत ते कुणब्याच्या मर्जीने ओंजळीत पडेल तेवढे घेऊन त्याला दुवा देण्यासाठी. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या ग्रंथात ज्या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन करून ठेवले, तिच्यातील जातिनिबद्ध अन्याय आज कोणीही नाकारणार नाही, आणि ज्यांना तिने पिढ्यानपिढ्या राबविले त्यांनी तिचा त्याग करण्यातच आपली मुक्ती मानली, हे योग्यच झाले. तथापि त्या खळ्यावरचा एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. बलुतेदाराचे माप कमी भरले, तर तो पाटलाकडे दाद मागू शकत असे, कारण गावाकडे त्याचे काही येणे होते. पांगळ्याच्या ओंजळीत काहीच पडले नाही, तरी त्याला तक्रारीला जागा नव्हती, कारण गावाच्या जमाखर्चात त्याच्या नावाचे खातेच नव्हते.

खळी गेली, बलुतीही गेली. पण अपंग माणसाकडे पाहण्याची गावाची रीत पुष्कळ अंशी त्या दुसऱ्या रांगेचीच राहिली. वाढदिवसाला मूकबधिर विद्यालयात मिष्टान्नाचे जेवण, पुण्यतिथीला अंधशाळेत ब्लँकेटवाटप, निवडणुकीच्या तोंडावर तीनचाकी सायकलींचे शिबिर, हे सर्व करणाऱ्यांच्या मनातील सद्भावाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु यांपैकी कशातही घेणाऱ्याचे देणाऱ्याकडे काही ‘येणे’ आहे, असे दोघांपैकी कोणालाच वाटत नाही. अपंगांच्या हक्कांसाठी आणि त्यांच्या सामाजिक समावेशनासाठी लोकसमुदायात राहून चालणारे जे काम गेल्या चार-पाच दशकांत जगभर उभे राहिले, त्याचा गाभा एवढाच आहे की, या माणसाला दुसऱ्या रांगेतून पहिल्या रांगेत आणावयाचे, आणि तेही त्याच्या स्वतःच्या गावात, त्याच्या स्वतःच्या माणसांच्या देखत.

या कामाच्या आधी जे झाले, ते प्रामुख्याने संस्थांचे काम होते. मुंबईत मूकबधिरांसाठी १८८५ च्या सुमारास आणि अमृतसरात अंधांसाठी १८८७ साली पहिल्या शाळा निघाल्या, त्या मिशनरी मंडळींच्या पुढाकाराने. त्यानंतर एतद्देशीयांनीही त्या मार्गाने मोठी कामे केली. आपल्याकडे बाबा आमटे यांनी वरोड्याजवळील खडकाळ माळरानावर कुष्ठरुग्णांना घेऊन आनंदवन उभे केले, आणि ज्यांना त्यांच्या सख्ख्या नातलगांनी वेशीबाहेर काढले होते, त्यांच्या हातून शेती, विणकाम, सुतारकाम करवून घेऊन त्यांना स्वाभिमानाने जगण्याची वाट दाखविली. समाजाने ज्यांच्यासाठी दारे लावून घेतली, त्यांच्यासाठी निराळे घर बांधणे ही त्या काळाची अपरिहार्य गरज होती, आणि या संस्थांचे ऋण कोणी विसरू नये. परंतु संस्थेला दोन स्वाभाविक मर्यादा असतात. एक तर तिच्या जागा मोजक्या असतात. आणि दुसरे म्हणजे, दहा वर्षे वसतिगृहात राहून ब्रेल लिपी आणि वेतकाम शिकलेला मुलगा गावी परत येतो, तेव्हा त्याच्या हाताला कौशल्य आलेले असते, पण ते कौशल्य ओळखणारे गाव मात्र होते तसेच राहिलेले असते.

प्रश्नाचा आकार किती, हे सांगणेही वाटते तितके सोपे नाही. १८७२ पासून १९३१ पर्यंतच्या जनगणनांत आंधळे, बहिरे-मुके, वेडे आणि महारोगी यांची मोजदाद होत असे. पुढे ती बंद झाली, १९८१ च्या आंतरराष्ट्रीय अपंग वर्षी एकदा झाली, १९९१ मध्ये पुन्हा वगळली गेली, आणि अपंगांच्या संघटनांनी आग्रह धरल्यावर २००१ पासून पूर्ववत सुरू झाली. २०११ च्या जनगणनेने भारतात २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के, अपंग व्यक्ती असल्याचे नोंदविले. त्यांपैकी सुमारे ६९ टक्के खेड्यांत राहतात, आणि महाराष्ट्रातील संख्या साडेएकोणतीस लाखांच्या वर आहे. जागतिक आरोग्य संघटना मात्र जगाच्या लोकसंख्येपैकी सुमारे १६ टक्के, म्हणजे सहांपैकी एक मनुष्य, लक्षणीय अपंगत्वासह जगतो असे मानते. या दोन आकड्यांमधील दरीचे एक कारण व्याख्येतील फरकात आहे, आणि दुसरे आपल्या घरांत आहे. प्रगणक दारात उभा असताना मागच्या खोलीतील मतिमंद मुलीचा उल्लेख टाळणारा बाप खोटारडा असतो असे नाही, त्याला तिच्या धाकट्या बहिणीच्या सोयरिकीची धास्ती असते. ज्याची मोजणीच होत नाही त्याच्यासाठी तरतूदही होत नाही. म्हणून या कामाचा आरंभ बहुतेक ठिकाणी घरोघर फिरून यादी करण्यापासूनच होतो.

१९७८ च्या सप्टेंबरात तेव्हाच्या सोव्हिएत संघातील आल्मा-आटा या शहरात प्राथमिक आरोग्यसेवेविषयी जी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिने आरोग्य हे शहरातील इस्पितळातून खाली झिरपण्याची वाट न पाहता गावातूनच उभे राहिले पाहिजे, हे तत्त्व मांडले. अपंगांच्या पुनर्वसनाला हेच तत्त्व लावण्याचे श्रेय जागतिक आरोग्य संघटनेत काम करणाऱ्या आइनार हेलँडर, पद्मिनी मेंडिस आणि गुनेल नेल्सन यांना द्यावे लागते. विकसनशील देशांत तज्ज्ञ डॉक्टर आणि भौतिकोपचारक पुरेशा संख्येने निर्माण होण्यास काही पिढ्या लागतील, तोवर कोट्यवधी माणसांना वाट पाहावयास लावणे हाच एक अन्याय आहे, तेव्हा कुटुंबातील व्यक्तीलाच, आणि गावातील एखाद्या साक्षर स्त्री-पुरुषाला, साध्या भाषेतील चित्रमय पुस्तिकांच्या आधारे हे ज्ञान का देऊ नये, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. साधारण याच सुमारास, १९८१ साली, मेक्सिकोच्या डोंगराळ भागातील आहोया या खेड्यात ‘प्रोजेक्ट प्रोहिमो’ नावाचे केंद्र गावातील अपंग तरुणांनीच चालविण्यास घेतले. कुबड्या, कॅलिपर, चाकाच्या खुर्च्या ते स्वतः बनवीत, आणि दूरदूरच्या खेड्यांतून येणाऱ्या मुलांना त्या बसवून देत. त्यांच्यासोबत राहिलेल्या डेव्हिड वर्नर यांनी या अनुभवावर १९८७ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले, ते अनेक देशांतील ग्रामीण कार्यकर्त्यांच्या पिशवीत असे.

हे काम जवळून कसे दिसते? मेंदूच्या पक्षाघाताने ग्रस्त असलेल्या तीन-चार वर्षांच्या मुलाचे घर डोळ्यांपुढे आणावे. मूल दिवसभर गोधडीवर आडवे असते. आजी त्याला मांडीवर उताणे घेऊन पेज भरविते, आणि त्याला दर वेळी ठसका लागतो. कार्यकर्ती येते ती आधी आजीजवळ बसते. “आजी, तुम्ही याला इतके दिवस जगवलंत, ते दुसऱ्या कुणाला जमलं नसतं; आता जरा याला बसवून भरवू या का?” एवढे बोलून ती मुलाची मान किंचित पुढे झुकेल आणि पाठीला आधार मिळेल अशा बेताने त्याला धरते, आणि पेजेचा घास ठसक्यावाचून गिळला जातो. पुढच्या खेपेला गावचा सुतार दोन फळ्या काटकोनात जोडून कोपऱ्यासारखी बैठक करून देतो, तीत मूल भिंतीचा आधार घेतल्यासारखे बसते आणि त्याचे दोन्ही हात प्रथमच मोकळे होतात. अंगणात कमरेइतक्या उंचीवर दोन बांबू समांतर बांधले जातात. पुढे मूल त्यांना धरून पावले टाकील किंवा टाकणारही नाही, ते त्याच्या व्याधीच्या तीव्रतेवर अवलंबून आहे. पण मूल अंगणात आले म्हणजे शेजारची पोरे त्याच्याभोवती जमतात, त्याचे नाव घेऊन हाक मारतात, आणि उपचाराच्या वहीत ज्याची नोंद होत नाही असा एक बदल सुरू होतो.

शिबिरात वाटलेल्या वस्तूंची गोष्ट याच्या उलट असते. चाकाच्या खुर्चीची बैठक बसणाऱ्याच्या मापाची नसली, तर तो एका कुशीवर कलून बसतो. ज्याच्या कमरेखाली संवेदना नाही, त्याला त्या दाबाने कातडी सोलवटल्याचे कळतही नाही, आणि काही आठवड्यांत ज्याला दाबव्रण म्हणतात ती खोल जखम होते, जी क्वचित प्राणावरही बेतते. पुढची चाके लहान आणि अरुंद असली की ती पांदीच्या मातीत रुततात, आणि मग ती चकाकणारी खुर्ची पडवीत धान्याची पोती ठेवण्याच्या कामी येते. वाटपाच्या दिवशी छायाचित्र निघते, आणि वापराची चौकशी पुढे कोणी करीत नाही. माप घेणारा, दुरुस्ती करणारा आणि महिन्याने पुन्हा येऊन विचारणारा माणूस पंचक्रोशीत असणे, हा गावपातळीवरील कामाचा शिबिरापेक्षा असलेला मोठा लाभ होय.

तथापि अपंगांच्या स्वतःच्या संघटनांनी या चळवळीच्या पहिल्या रूपावर एक मर्मभेदी आक्षेप घेतला. तुम्ही व्यायाम शिकविता, कुबडी देता, आमचे शरीर शक्य तितके तुमच्यासारखे करू पाहता, हे सर्व ठीक. पण शाळेच्या पायऱ्या, मालकाचा पूर्वग्रह, आणि आमच्याविषयीचे निर्णय आमच्यावाचून घेण्याची तुमची सवय, यांवर कोणता व्यायाम आहे, असा त्यांचा सवाल होता. या सवालाचा परिणाम असा झाला की, १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनेस्को यांनी मिळून काढलेल्या निवेदनात व त्याच्या २००४ मधील सुधारित आवृत्तीत उत्तरोत्तर हक्क, दारिद्र्यनिर्मूलन आणि अपंगांच्या संघटनांचा सहभाग यांना अधिक स्थान मिळत गेले. आणि २०१० च्या मार्गदर्शिकेत या कार्याची आरोग्य, शिक्षण, उपजीविका, सामाजिक जीवन आणि सक्षमीकरण अशी पाच अंगे मानली गेली. उपचार हे त्या पाचांपैकी एका अंगाचे केवळ एक उपांग राहिले. विवाह, खेळ, सण-उत्सव, न्यायालयात दाद मागणे, पतसंस्थेचे कर्ज, राजकारणातील वाटा, या सर्वांची गणना आता याच कार्यात होते.

दोष कोठे शोधावयाचा, शरीरात की रस्त्यात, हा प्रश्न वारकरी परंपरेला अगदीच अनोळखी नाही. हातपाय नसलेला पैठणचा भक्त कूर्मदास पंढरीच्या ओढीने गडबडा लोळत निघाला आणि आज सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात असलेल्या लऊळ गावी येऊन थकून पडला. तेव्हा त्याला पंढरपूरला उचलून नेण्यात आले नाही, तर विठ्ठल स्वतः लऊळला आला, अशी कथा आहे, आणि कूर्मदासाची समाधी तेथे आजही दाखवितात. कीर्तनकार या कथेतून भक्ताची तळमळ आणि देवाची कृपा सांगतात, ते त्यांच्या ठिकाणी उचितच आहे. पण लौकिक दृष्टीने पाहिले, तर अंतर कापण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे त्या कथेतील उत्तर विलक्षण आहे. आधुनिक राज्यघटनेच्या नागरिकाने मात्र ही जबाबदारी कोणाच्या कृपेवर सोडण्याचे कारण नाही, कारण तिच्यासाठी आता कायद्याचा आधार आहे.

हा आधार सुखासुखी मिळालेला नाही. दिल्लीत जावेद आबिदी यांच्यासारख्या अपंग कार्यकर्त्यांनी रस्त्यावर येऊन जो रेटा लावला, त्याच्या बळावर १९९५ चा अपंग व्यक्ती अधिनियम संसदेत संमत झाला आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून अंमलात आला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते आणि सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखीव होत्या. डिसेंबर २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने अपंगांच्या हक्कांची सनद स्वीकारली. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी तिला मान्यता दिली. आणि त्या वचनाला अनुसरून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम झाला. या नव्या कायद्यात २१ प्रकारचे अपंगत्व अंतर्भूत आहे, त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, स्वमग्नता आणि आम्लहल्ल्याने आलेले व्यंग यांचाही समावेश होतो. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. अशा मुलांना ६ ते १८ वर्षे वयापर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के वाटा असून त्यात स्त्रियांना अग्रक्रम आहे. याहून महत्त्वाचे तत्त्व असे की, व्यक्तीच्या गरजेप्रमाणे करावयाचे वाजवी फेरबदल नाकारणे हाच भेदभाव होय, असे कायद्याने मानले आहे. आणि अपंग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर पाणउतारा करणे हा किमान सहा महिन्यांच्या कैदेस पात्र असा गुन्हा ठरविला आहे.

दिल्लीतील कलम आणि गल्लीतील उंबरठा यांच्यात किती अंतर असते, हे पाहण्यासाठी शाळेच्या उताराचे, ज्याला सर्व जण रॅम्प म्हणतात त्याचे, उदाहरण पुरे आहे. चाकाची खुर्ची माणसाला स्वतःच्या हाताने चढविता यावी यासाठी एक फूट उंचीला निदान बारा फूट लांबीचा चढ हवा, हे सर्वमान्य प्रमाण आहे. शाळेच्या व्हरांड्याला सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असल्या, तर उंची दीड फूट झाली, आणि रॅम्प अठरा फूट लांब हवा. शिवाय दोन्ही बाजूंना कठडा, वर-खाली खुर्ची वळेल इतकी सपाट जागा आणि न घसरणारा पृष्ठभाग हवा. प्रत्यक्षात अंदाजपत्रकात ‘रॅम्प, नग एक’ एवढीच नोंद असते, आणि कंत्राटदार पायऱ्यांच्या शेजारी पाच-सहा फुटांचा एक घसरता डोंगर उभारून बिल मंजूर करून घेतो. त्यावरून मुख्याध्यापकांची दुचाकी सुखाने वर चढते, पण खुर्चीतील मूल आपल्या बळावर चढू शकत नाही, आणि उतरताना त्याला सोडावे तर ते थेट पटांगणात जाऊन आदळेल. तपासणीच्या तक्त्यात मात्र ‘सुविधा उपलब्ध’ असा शेरा पडतो. हा शेरा खोटा आहे, हे दाखवून देण्यास अभियंता लागत नाही. एक मोजपट्टी, आणि ती घेऊन उभा राहणारा अपंग पालक किंवा विद्यार्थी लागतो. २०१७ च्या जूनमध्ये नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांच्या आत जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करावयाच्या होत्या, ती मुदत केव्हाच उलटली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात, सुगमतेचे निकष केवळ शिफारसवजा ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवून, बंधनकारक किमान मानके करण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. निकाल मोलाचा आहे. पण गावच्या शाळेचा चढ मोजण्यास न्यायमूर्ती येणार नाहीत.

दाखल्याची कथाही अशीच. कोणत्याही सवलतीचे द्वार म्हणजे अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्यासोबतचे ओळखपत्र, ज्याला लोक यूडीआयडी कार्ड म्हणतात. अर्ज संगणकावर भरता येतो, परंतु तपासणीसाठी बहुधा जिल्हा रुग्णालयातच, नेमून दिलेल्या वारी, जावे लागते. खाटेवरून न उठणाऱ्या माणसाला तेथवर नेण्यासाठी गाडीभाडे, सोबत्याची बुडालेली मजुरी, आणि संबंधित तज्ज्ञ त्या दिवशी रजेवर असल्यास पुनश्च तोच प्रवास, असा सर्व खर्च जमेस धरला, तर ज्याचे अपंगत्व जितके तीव्र, त्याला दाखला तितका महाग, असा विपरीत हिशेब निघतो. गावात संघटित काम असते तेथे पंचवीस-तीस जणांची यादी एकत्र करून ती आधी रुग्णालयास कळविली जाते, एकच वाहन ठरते, आवश्यक कागद आदल्या दिवशी तपासले जातात, आणि तालुक्याच्या ठिकाणीच तपासणी शिबिर घ्यावे अशी लेखी दरखास्त जिल्हा शल्यचिकित्सकांकडे रुजू होते. एकट्या माणसाची विनवणी कारकून ऐकून सोडून देतो. तीस सह्यांच्या अर्जाला मात्र आवक क्रमांक द्यावा लागतो.

आणि आता त्या जमाखर्चाकडे वळू. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नापैकी, म्हणजे घरपट्टी, बाजार फी, गाळ्यांचे भाडे इत्यादींपैकी, ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची आहे. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. रक्कम लहान दिसते, पण तिचे महत्त्व रकमेत नाही. ज्याच्या नावाचे खाते गावाच्या वहीत कधीच नव्हते, त्याच्यासाठी तेथे एक शीर्ष उघडले गेले, ही गोष्ट आपल्या ग्रामजीवनात नवी आहे. समजा, एखाद्या ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न १० लाख रुपये आहे. तर दिव्यांगांचा हिस्सा झाला ५० हजार. गावात नोंदलेल्या अपंग व्यक्ती ४० असल्या, आणि मार्चअखेरीस ही रक्कम सर्वांना सारखी वाटली, तर प्रत्येकाच्या पदरी १,२५० रुपये पडतात. पुष्कळ गावांत नेमके हेच घडते, आणि तेही पाठपुरावा झाला तर. नाही तर शीर्ष वहीत राहते आणि पैसा दुसऱ्या कामाला जातो.

ग्रामसभेत या विषयावर जे बोलणे होते, ते ऐकण्यासारखे असते. “भाऊसाहेब, आमच्या पाच टक्क्यांचं काय झालं?” असा प्रश्न ग्रामसेवकांना कोणी विचारला की, उत्तर येते, “वसुलीच नाही, तर पाच टक्के कशाचे देऊ?” मग सरपंच म्हणतात, “अरे, तुला काय कमी पडतं ते घरी येऊन सांग की, एवढं सभेत कशाला?” या दुसऱ्या वाक्यात रागाचा लवलेश नसतो, उलट आपुलकीच असते, आणि तरीही सभेत हिशेब मागणाऱ्याला घरच्या ओट्यावर बोलावणे म्हणजे हक्काचे पुन्हा ओंजळीत रूपांतर करणे होय, हे त्यात दडलेले असते. अपंगांच्या संघटनेने शिकविलेला कार्यकर्ता अशा वेळी आवाज न चढविता एवढेच म्हणतो, “सरपंच, घरी मी चहाला येतो, उत्तर इतिवृत्तात घ्या.”

रोख वाटप करावे की सामायिक कामावर खर्च करावा, याविषयी अपंगांमध्येही मतभेद आहेत, आणि ते असावेत. ज्याच्या घरी औषधाला पैसा नाही, त्याला अठरा फुटांच्या रॅम्पचे अप्रूप सांगणे म्हणजे भुकेल्याला उपदेश करणे आहे. उलटपक्षी, दरवर्षी हजार-बाराशे रुपये घेऊन गप्प बसल्याने शाळा, दवाखाना आणि पंचायतीची कचेरी कायमची अगम्य राहते, हेही तितकेच खरे. रॅम्प ही तर सार्वजनिक इमारतीची मूळ जबाबदारी आहे, ती अपंगांच्याच तुटपुंज्या हिश्शातून का भागवावी, असा तिसरा आणि माझ्या मते सर्वांत सबळ मुद्दाही कोणी मांडतो. या वादाचा निर्णय पुस्तकातून मिळणार नाही. तो ज्यांचा पैसा आहे त्यांनी, एकत्र बसून, दर वर्षी घ्यावयाचा आहे. आणि असा निर्णय घेण्याची सवय हीच या कार्याची खरी मिळकत आहे.

अशी सवय जेथे रुजली, तेथे पुढाकार बहुधा अपंगांनीच घेतलेला दिसतो. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालील शरीराची शक्ती गमावलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापन केली. ‘चाकाची खुर्ची’ या त्यांच्या आत्मकथनाने मराठी वाचकाला या जगाची ओळख करून दिली. तामिळनाडूतील आयिकुडी या खेड्यात एस. रामकृष्णन यांनी १९८१ मध्ये अमर सेवा संगम सुरू केला. नौदल अधिकाऱ्याच्या निवडचाचणीत १९७५ साली झालेल्या अपघाताने त्यांचे मानेखालचे शरीर निकामी झाले होते. पण त्यांच्या संस्थेने आपल्या आवारापुरते समाधान न मानता सभोवतालच्या खेड्यांत बालकांचे लवकर निदान, घरपोच उपचार आणि अपंगांचे बचतगट यांचे जाळे विणले. आंध्र प्रदेशात गावोगाव अपंगांचे स्वतंत्र बचतगट उभे राहिले, आणि अंतर्गत कर्जाच्या व्यवहारातून ज्याच्याकडे कोणी उसने मागावयास जात नसे, तो मनुष्य गावात देणेकरी-घेणेकरी म्हणून ओळखला जाऊ लागला. तामिळनाडूने तर २०२५ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत अपंग प्रतिनिधींच्या नामनियुक्तीसाठी कायद्यात दुरुस्ती केली. महाराष्ट्र सरकारनेही २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापण्याचा निर्णय घेतला. विभाग झाला, आता त्याची मुळे तालुक्यापर्यंत जावयास हवीत.

या चळवळीच्या आतही काही माणसे मागच्या रांगेत राहतात, हे सांगितल्यावाचून चित्र पुरे होणार नाही. सभांतून बोलणारे बहुधा पायाने अधू असलेले पुरुष असतात. भारतात पोलिओचा अखेरचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला, त्यामुळे पोलिओग्रस्तांची पिढी हळूहळू मागे पडत जाईल, आणि मेंदूचा पक्षाघात, अपघात, मधुमेह, मनोविकार, वार्धक्य यांनी आलेले अपंगत्व पुढे येईल. त्यासाठी संघटनांचे नेतृत्वही बदलावे लागेल. कर्णबधिर व्यक्ती ग्रामसभेला आली, तरी सांकेतिक भाषेचा दुभाषी नसल्याने ती केवळ हजेरीपटावरची सही ठरते. बौद्धिक अपंगत्व असलेल्याच्या वतीने पालक बोलतात, आणि त्याला स्वतःला काय हवे ते विचारण्याची पद्धत अजून रुजलेली नाही. २०१६ च्या कायद्याने पालकत्वही मर्यादित, विशिष्ट निर्णयापुरते आणि त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून वापरावयाचे ठरविले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. अपंग स्त्रीच्या बाबतीत तर संपत्तीतील वाटा, विवाह आणि शरीराची सुरक्षितता हे तिन्ही प्रश्न घराच्या अब्रूखाली झाकले जातात, आणि ते उघड करण्यासाठी तिला प्रथम अशाच दुसऱ्या स्त्रीची सोबत लागते.

शहरी वाचकाने हा खेड्यांचा विषय मानू नये. ज्या गृहनिर्माण संस्थेची लिफ्ट तळमजल्याच्या पाच पायऱ्यांनंतर सुरू होते, ती संस्था आपल्या सत्तरीच्या पुढील प्रत्येक सभासदास आज ना उद्या घरात कोंडणार आहे. आणि तेथेही वार्षिक सर्वसाधारण सभेत रॅम्पचा ठराव आला की, ‘दर्शनी भागाची शोभा जाईल’ असे कोणी तरी म्हणतेच. गाव असो वा गृहसंस्था, सभा ही एकच जागा अशी आहे जेथे उपकाराची भाषा थांबून ठरावाची भाषा सुरू होते. म्हणून पुढच्या सभेला ज्यांना जावयाचे असेल त्यांनी तीन गोष्टी विचाराव्या: आपल्या वस्तीतील अपंग व्यक्तींची यादी कोणाकडे आहे आणि ती शेवटची केव्हा तपासली, त्यांच्या वाट्याचा पैसा किती आणि तो कोठे गेला, आणि हा निर्णय घेताना त्यांच्यापैकी कोण हजर होते. पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर मिळाले आणि तिसऱ्याला मिळाले नाही, तर झालेला खर्च कितीही चोख असला, तरी तो दानधर्माच्याच खाती मांडावा लागेल.